‘बंदोबस्त मिळणेबाबत’

प्रति,
खान्देशातील सर्व महाविद्यालयांचे प्राचार्य, संस्थाचालक आणि वसतिगृहांचे गृहपाल,
जळगाव, धुळे, नंदुरबार.

विषय : आपल्या सहीने जाणाऱ्या एका पत्राबाबत.

महोदय,

१९८५ साली मी पोलिसात भरती झालो आणि २०२१ मध्ये सहायक उपनिरीक्षक म्हणून निवृत्त झालो. त्या छत्तीस वर्षांतली बरीचशी ठाणे अंमलदाराच्या टेबलामागे गेली. त्या टेबलावर कॉलेजांची पत्रं यायची. विषय बहुतेक वेळा एकच : ‘बंदोबस्त मिळणेबाबत’. मजकूर तीन ओळींचा. महाविद्यालयाच्या आवारात काही विद्यार्थी विनापरवानगी बसलेले असून अनुचित प्रकार घडण्याची शक्यता नाकारता येत नाही, तरी योग्य तो बंदोबस्त मिळावा, ही विनंती. खाली जावक क्रमांक, शिक्का, सही.

‘अनुचित प्रकार घडण्याची शक्यता नाकारता येत नाही.’ कुण्या काळी कुण्या हेडक्लार्कने हे वाक्य लिहिलं असेल, त्यानंतर प्रत्येकाने जुनी फाइल काढून ते उतरवून घेतलं. त्यात खोटं काहीच नाही. शक्यता लग्नाच्या मांडवातही नाकारता येत नाही.

गेल्या महिन्यात तुमच्यातल्याच एका प्राचार्यांनी असं पत्र लिहिलं. कॉलेजचं नाव मी घेणार नाही. ज्यांना ओळखायचं ते ओळखतील, आणि नाव घेतलं की बाकीचे ‘आपलं नाही ना’ म्हणून पान उलटतील. त्या पत्रावरून रात्री पावणेदहाला तीन गाड्या गेटातून आत गेल्या. पोर्चमध्ये साठ-सत्तर पोरं-पोरी बसल्या होत्या. त्यात माझी नात होती. मुलीची मुलगी, बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला.

ही पोरं बसली कशासाठी होती? शिष्यवृत्तीचे पैसे महाडीबीटी या सरकारी पोर्टलवरून आले नव्हते. फी बाकी आहे म्हणून कॉलेजने परीक्षेची हॉलतिकिटं अडवली. जी बाकी पोरांच्या नावावर दाखवली, ती पोरांनी द्यायचीच नव्हती, सरकारने द्यायची होती. साक्रीकडची, अक्कलकुव्याची, धडगावच्या पाड्यांवरची ही पोरं. कित्येकांचे आईबाप तेव्हा गुजरातेत ऊसतोडीला गेलेले. घरून पैसे आणा म्हटलं तर आणायचे कुठून, आणि घरी तरी कोण होतं? दोन दिवस ती पोर्चमध्ये बसली. रात्री तिथल्याच ट्यूबलाइटखाली वह्या उघडून अभ्यास करायची, कारण पेपर तोंडावर होता. घोषणा दिल्या, हो. प्राचार्यांच्या नावाने दिल्या, तेही खरं. पण काच फुटली नाही, दार अडलं नाही, कोंडून कोणाला ठेवलं नाही.

त्या रात्रीचा व्हिडिओ मी पुन्हा पुन्हा पाहिला. पहिल्यांदा आजोबा म्हणून, नंतर पोलीस म्हणून. पोलीस म्हणून पाहिला तेव्हा मोजत गेलो. ढाली, हेल्मेट, लाठ्या. एक गॅस गन. आणि चार जवानांच्या हातात रायफली.

रायफल कशाला आली, हा प्रश्न माझ्या डोक्यातून जात नाही. ज्याच्या हातात रायफल असते त्याचे दोन्ही हात तिच्यात अडकलेले असतात. त्याला कोणाला उचलून बाजूला करता येत नाही, दंडाला धरून गाडीत बसवता येत नाही, चक्कर आलेल्या पोरीला पाणी देता येत नाही. घोळक्यात ती कोणी हिसकावेल ही धास्ती त्याला वेगळीच. त्याच्याकडे करण्यासारखं एकच काम उरतं आणि ते करायची वेळ येऊ नये म्हणून तो स्वतःच देवाचं नाव घेत असतो. मी उभा राहिलोय तसा. दंगलीत ते समजण्यासारखं आहे, समोर तलवारी असतात. पोर्चमध्ये समोर वह्या होत्या.

गोळी सुटली नाही, हे तुम्ही लगेच म्हणाल. सुटली नाही. लाठी मात्र चालली.

कायदा काय म्हणतो ते सांगतो, कारण ठाण्यात आम्हाला ते पाठ करावं लागायचं. पूर्वी फौजदारी प्रक्रिया संहितेचं कलम १२९ होतं, १ जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम १४८ आहे. आधी जमावाला पांगण्याचा हुकूम द्यायचा. हुकूम देऊनही जमाव हलला नाही, किंवा हलणार नाही असा त्याचा पवित्रा स्पष्ट दिसला, तरच बळ. हुकूम म्हणजे ऐकू जाईल असा, आणि निघून जायला वेळ देऊन. व्हिडिओत मेगाफोन गाडीच्या बॉनेटवर आडवा पडलेला दिसतो. कोणी हात लावला नाही त्याला. गाड्या थांबल्यापासून पहिल्या लाठीपर्यंत पूर्ण मिनिटही गेलं नाही.

लाठी कमरेखाली मारायची, हे भरती झालेल्या पोराला पहिल्या महिन्यात शिकवतात. माझ्या नातीचं उजवं मनगट मोडलंय. डॉक्टरने कसं मोडलं विचारलं, तिने सांगायच्या आधी मलाच कळलं होतं. वरून येणारी काठी डोक्यावर बसू नये म्हणून माणूस हात वर करतो, तेव्हा मनगट असं मोडतं. कमरेखाली मारलेल्या काठीने ते मोडत नाही. ती एवढंच म्हणाली, “आबा, आम्ही ते बठेल व्हतूत, उठनूत बी नही.”

आता एक गोष्ट सांगायची आहे, ती घरातही कोणाला सांगितली नव्हती.

नव्वदच्या दशकात मीही एका कॉलेजात गेलो होतो. पत्र असंच, विषयही तोच. कसलातरी फीचाच वाद. आम्ही आत गेलो, पांगापांग झाली, मी एका पोराच्या मागे धावलो. जिन्यात गाठून दोन काठ्या हाणल्या. त्याच्या हातातलं पुस्तक खाली पडलं, त्यावर ग्रंथालयाचा शिक्का होता. तो आंदोलनात नव्हताच, पुस्तक बदलून बाहेर येत होता. मला मारू नका असंही तो म्हणाला नाही. “साहेब, पुस्तक,” एवढंच म्हणाला. स्टेशन डायरीत आम्ही लिहिलं, सौम्य बळाचा वापर करून जमाव पांगवला. ‘सौम्य’ हा शब्द माझ्याच अक्षरातला आहे. त्या कॉलेजचे प्राचार्य तेव्हा केबिनमध्ये होते. आम्ही परत निघालो तेव्हा त्यांनी शिपायाकरवी चहा पाठवला आणि आम्ही तो प्यायलो.

म्हणून हे पत्र तुम्हाला लिहितोय. पोलिसांनी काय चुकवलं ते मी अधीक्षकांकडे वेगळं, लेखी दिलं आहे, त्याची पोच माझ्याकडे आहे. पण कॉलेजच्या आवारात पोलीस आपण होऊन क्वचितच येतो. त्याला कोणीतरी बोलावतं. आणि बोलावणारा नेमका त्या वेळी आवारात नसतो.

नात दवाखान्यात असताना मी रात्री जागून जुन्या गोष्टी वाचत होतो. अमेरिकेत ओहायो राज्यात केंट स्टेट नावाचं विद्यापीठ आहे. ४ मे १९७० रोजी तिथे विद्यार्थी व्हिएतनामच्या युद्धाविरुद्ध जमले होते. नॅशनल गार्ड या राखीव सैन्यदलाचे जवान भरलेल्या रायफली घेऊन उभे होते. दगडफेक झाली होती, दोन दिवस आधी आवारातली एक इमारत जाळली गेली होती, हेही खरं, लपवायचं कारण नाही. जवानांनी १३ सेकंदांत ६७ गोळ्या झाडल्या. चार विद्यार्थी मेले, नऊ जखमी झाले. मेलेल्यांपैकी दोघं निदर्शनात नव्हतीच, एका तासावरून दुसऱ्या तासाला निघाली होती. मला जिन्यातला तो पोरगा आठवला.

गोळ्या सुटल्या तेव्हा विद्यापीठाचे अध्यक्ष जवळच्या हॉटेलात सहकाऱ्यांसोबत जेवत होते. आणि मैदानात कोण होतं? ग्लेन फ्रँक नावाचे भूगर्भशास्त्राचे प्राध्यापक. गोळीबारानंतर पोरं संतापून तिथेच ठाण मांडून बसली, जवान पुन्हा पुढे सरकायच्या बेतात होते. या मास्तरांनी अधिकाऱ्यांकडे वेळ मागून घेतला आणि पोरांपुढे रडत विनवण्या केल्या, माझं ऐका, इथून जा, नाहीतर ही माणसं तुम्हाला मारून टाकतील. पोरं उठली. दगडांचा अभ्यास करणारा माणूस, ना त्याच्याकडे काठी, ना अधिकार. पुढे राष्ट्राध्यक्षांनी नेमलेल्या आयोगाने लिहून ठेवलं की तो गोळीबार अनावश्यक आणि अक्षम्य होता, आणि विद्यार्थ्यांसमोर जाणाऱ्या जवानांना सरसकट भरलेल्या रायफली देण्याची ही शेवटची वेळ ठरली पाहिजे. पन्नास वर्षांपूर्वीचं हे. आमच्याकडच्या पोर्चमध्ये तरीही चार रायफली आल्याच.

अमेरिका लांब वाटत असेल तर कोलकाता घ्या. १६ सप्टेंबर २०१४ ला जादवपूर विद्यापीठात विद्यार्थ्यांनी कुलगुरूंना घेराव घातला, रात्री उशिरा त्यांनी पोलीस बोलावले, मारहाण झाली, आणि चार महिन्यांत, जानेवारी २०१५ मध्ये, त्याच कुलगुरूंना पद सोडावं लागलं. त्याहून जवळचं हवं असेल तर नवापूर ओलांडा. डिसेंबर १९७३ मध्ये अहमदाबादच्या एल. डी. इंजिनिअरिंग कॉलेजात खानावळीचं बिल वाढलं म्हणून पोरं चिडली. प्रकरण पोलिसांवर सोपवलं गेलं आणि मग ते खानावळीत राहिलं नाही, गुजरातभर पसरलं. ९ फेब्रुवारी १९७४ ला तिथल्या मुख्यमंत्र्यांनी राजीनामा दिला. डाळीत पाणी किती, हा प्रश्न आचाऱ्याला आणि रेक्टरला समोर बसवून सुटला असता.

आणि आपल्या नंदुरबारचं तर मी सांगायची गरज नाही. ९ सप्टेंबर १९४२. शिरीषकुमार आणि त्याचे सोबती, पोलिसांच्या गोळ्यांनी गेलेली शाळकरी वयाची पोरं. दर ९ सप्टेंबरला तुम्ही स्मारकावर हार घालता, भाषणं करता. मी तिथे काही वर्षं बंदोबस्ताला होतो. भाषणांमध्ये मला दुसराच माणूस दिसायचा, ज्याने चाप ओढला तो. तोही बंदोबस्तालाच होता. त्यालाही कोणीतरी तिथे पाठवलं होतं. त्याचं नाव कोणी घेत नाही, त्याला पाठवणाऱ्याचं तर कोणी विचारतही नाही.

आता माझ्या तक्रारी.

पहिली. पत्र लिहिण्याआधी प्राचार्य दोन दिवसांत एकदाही पोर्चमध्ये उतरले नाहीत. केबिन पहिल्या मजल्यावर आहे. बावीस पायऱ्या, मी मोजून आलोय. पोरांनी निवेदन दिलं ते शिपायाने घेतलं, त्यावर ‘आवक’चा शिक्का मारला आणि झालं.

दुसरी. यूजीसीच्या, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाच्या, २०२३ च्या नियमांप्रमाणे प्रत्येक संस्थेत विद्यार्थी तक्रार निवारण समिती असावी लागते, तिने १५ कामकाजाच्या दिवसांत अहवाल द्यायचा असतो, त्याने समाधान झालं नाही तर वर लोकपाल आहे. तुमच्या कॉलेजात ही समिती आहे का? असेल, भिंतीवरच्या फळ्यावर नावं असतील. तिची बैठक बोलावली का? कॉलेजला दर्जा देणाऱ्या नॅकची माणसं येतात तेव्हा तिच्या फाइलला नवं कव्हर चढतं, हे मला प्राध्यापक असलेल्या एका शेजाऱ्यानेच सांगितलं.

तिसरी. मुलींना रात्री ठाण्यात नेलं. सूर्यास्तानंतर बाईमाणसाला अटक करता येत नाही, अपवाद असलाच तर महिला अधिकारी हवी आणि दंडाधिकाऱ्यांची आगाऊ परवानगी हवी. म्हणून कागदावर ‘अटक’ लिहीत नाहीत, ‘ताब्यात घेतलं’ लिहितात. ही पळवाट मी वापरलेली आहे, त्यामुळे मला ती शिकवू नका. रात्री दोनपर्यंत अकरा मुली बाकावर बसून होत्या. वसतिगृहाच्या गृहपाल बाई तिथे आल्या नाहीत. ज्या मुली रात्री साडेआठला पाच मिनिटं उशिरा आल्या तर घरी फोन जातो, त्या मुली दोनपर्यंत कुठे आहेत हे विचारायला कोणी फोन केला नाही.

चौथी, आणि ही मला सगळ्यात जास्त लागली. दुसऱ्या दिवशी सकाळी अकराला कॉलेजने सगळ्यांना हॉलतिकिटं दिली. सगळ्यांना. म्हणजे ती देता येत होती. आदल्या रात्री पावणेदहालाही देता आली असती. नातीला तिचं मिळालं, पण लिहायचा हात प्लास्टरमध्ये होता आणि ऐनवेळी लेखनिक कोण देणार? तो पेपर गेला.

पाचवी. सात जणांच्या नावाने ‘व इतर अनोळखी’ असा गुन्हा दाखल झालाय, फिर्याद कॉलेजच्या कार्यालयाची. सरकारी कामात अडथळा, बेकायदा जमाव. त्या सातांत माझी नात नाही, तरी हे लिहितोय. सातातले चौघं पोलीस भरतीची तयारी करतात. खान्देशात पहाटे पाचला कुठल्याही मैदानावर जा, ही पोरं धावताना दिसतील. १६०० मीटर, १०० मीटर, गोळाफेक. ज्या खात्यात जायचं म्हणून रोज घाम गाळतात, त्याच खात्याकडून चारित्र्य पडताळणी व्हायची आहे, आणि त्या रकान्यात आता तुमच्या हेडक्लार्कची फिर्याद येईल. नातही तयारी करते. चार किलोचा गोळा, उजव्या हाताने.

तुमची बाजू मला माहीत नाही असं समजू नका. संस्थाचालकांचा फोन येतो, ‘सर, काय तमाशा लावलाय आवारात?’ बाहेरचे पुढारी येऊन बसतात, त्यांना परीक्षेशी देणंघेणं नसतं. कधी विद्यार्थी खरंच हाताबाहेर जातात, गेटं तोडतात, मास्तरांना कोंडतात. तेव्हा पोलीस लागतात आणि तेव्हा मी तुमच्या बाजूने साक्ष देईन. हा प्रश्न कुठल्या एका संघटनेचाही नाही. ऑगस्ट २०२० मध्ये धुळ्यात फीच्याच मागणीसाठी पालकमंत्र्यांची गाडी अडवायला गेलेल्या पोरांना पोलिसांनी कसं मारलं ते सगळ्या राज्याने मोबाईलवर पाहिलं. त्यांचा झेंडा वेगळा होता. तेव्हा जे टाळ्या वाजवत होते ते आज रडतात, तेव्हा रडणारे आज गप्प आहेत. झेंडा बघून मनगट मोजायची ही रीत मला पटत नाही.

सर्वोच्च न्यायालयाने २०१२ मध्ये दिल्लीच्या रामलीला मैदानाच्या प्रकरणात झोपलेल्या लोकांवर रात्री केलेल्या कारवाईला चूक ठरवलं. २०१६ मध्ये दुसऱ्या एका निकालात म्हटलं की जमाव आधी हिंसक झाला असला तरी तो आटोक्यात आल्यावर मारत राहणं हा अतिरेक आहे. आमची पोरं ना हिंसक होती, ना आटोक्याबाहेर. शांततेने, विनाशस्त्र एकत्र येण्याचा हक्क संविधानाच्या एकोणिसाव्या कलमात आहे. त्यात ‘विनाशस्त्र’ ही अट जमणाऱ्यांसाठी आहे आणि ती त्या रात्री फक्त पोरांनी पाळली.

माझ्या मागण्या साध्या आहेत.

ते पत्र नोटीस बोर्डावर लावा. जावक क्रमांक, तारीख, वेळ आणि सही दिसेल असं. तोंडी फोन केला असेल तर कोणी, किती वाजता, तेही लिहा.

फिर्याद तुमच्या कार्यालयाची आहे, तेव्हा विद्यार्थी शांत बसले होते आणि नासधूस झाली नाही हे खरं म्हणणं तपासी अंमलदाराला लेखी द्या. गुन्हा मागे घेणं सरकारच्या हातात, पण खरं सांगणं तुमच्या हातात आहे.

ज्यांचा पेपर त्या मारामुळे गेला त्यांची परीक्षा पुन्हा घ्यावी म्हणून विद्यापीठाकडे कॉलेजनेच प्रस्ताव पाठवावा. पोरांना अर्ज घेऊन जळगावच्या चकरा मारायला लावू नका.

शिष्यवृत्ती थकली म्हणून हॉलतिकीट अडवायचं नाही. यावर चर्चा नको.

आणि सगळ्या प्राचार्यांसाठी : यापुढे बंदोबस्ताचं पत्र लिहायची वेळ आलीच, तर आधी तक्रार समितीची बैठक घ्या, स्वतः खाली उतरून पोरांशी बोला, आणि बोलणं झालं त्याची वेळ पत्रात लिहा. बसलेल्या विद्यार्थ्यांसमोर रायफल आणि गॅस गन आणू नये, हे त्याच पत्रात मागा. पोलीस आत येतील तेव्हा गेटवर तुम्ही उभे राहा, गाडी जाईपर्यंत. चहा पाठवू नका.

माझी बायको शाळा चौथीपर्यंत शिकलेली. नातीला घरी आणलं तेव्हा तिने मला विचारलं, “काबर मारं पोऱ्हेसले?” छत्तीस वर्षं खात्यात काढलेल्या माणसाला तिने विचारलं. मी म्हटलं, वरून पत्र होतं. ती म्हणाली, मग ज्यानं पत्र लिखं त्याले इचार.

म्हणून विचारतोय. पंधरा दिवस वाट पाहतो. माहिती अधिकाराचा अर्ज, जोडपत्र ‘अ’, भरून ठेवलाय, दहा रुपयांचं कोर्ट फी तिकीट लावलंय. त्यात मागितलेली माहिती एकाच ओळीची आहे : आपल्या कार्यालयातून अमुक तारखेस पोलीस ठाण्यास गेलेल्या ‘बंदोबस्त मिळणेबाबत’ या पत्राची साक्षांकित प्रत. तारखेची जागा भरलीय. सही तेवढी बाकी आहे.

आपला,
एक निवृत्त सहायक पोलीस उपनिरीक्षक,
देवपूर, धुळे.